लाल रेषेवरची जागा

माझ्या ऑफिसात येणारा माणूस आधी एकच प्रश्न विचारायचा. जागा आहे का? नमस्कार, पाणी, पंखा जरा मोठा करा, हे सगळं त्यानंतर. ऑफिस नाशिक रोड स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर मी. एकदा एक गृहस्थ अर्धा तास बसून प्रश्न विचारत होते, मी त्यांना काशीची माहिती देत होते, आणि शेवटी कळलं की त्यांना जागा म्हणजे प्लॉट हवा होता. पाटी नीट वाचली नव्हती. तेव्हापासून मी कोणालाही पहिल्यांदा विचारायचे, बसायची जागा की बांधायची?

सुरुवातीची वर्षं मी फक्त रेल्वेची रिझर्व्हेशनं काढून देत होते आणि उन्हाळ्यात चारधामची एक बस नेत होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर लोक परदेशाचं विचारायला लागले. नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेली माणसं भरपूर. सगळं आयुष्य रांगेत उभं राहून तपासणी करून आत जायचं, तपासणी करून बाहेर पडायचं, असं काढलेली ही माणसं. निवृत्तीनंतर त्यांना एकदम लांब कुठेतरी जावंसं वाटायचं. मी मुंबईच्या एका विमान कंपनीच्या कचेरीत जाऊन चौकशी केली आणि एप्रिल-मेमध्ये युरोपचा एक ग्रुप न्यायला लागले. अठरा माणसं आणि मी.

नाशिकच्या माणसाला विमानात बसायचं तर आधी कसारा घाट उतरायचा. ओझरला लढाऊ विमानं तयार होतात, त्यांच्या आवाजाने आमच्या खिडक्या थरथरतात, लांबलचक धावपट्टी आहे, पण आम्ही टॅक्सीत बसून चार-साडेचार तास मुंबईला जातो. असं का, हे मी अनेकांना विचारलं. कोणी म्हणालं, इथे प्रवासी नाहीत म्हणून विमान नाही. कोणी म्हणालं, विमान नाही म्हणून प्रवासी नाहीत. दोघंही खात्रीने सांगत होते. माझ्या गोंधळाची सुरुवात तिथेच झाली असावी.

ग्रुपच्या सीट्स सहा महिने आधी सांगून ठेवाव्या लागायच्या. याला ते ब्लॉक म्हणायचे. दिवाळीच्या आसपास मी विमान कंपनीच्या ग्रुप विभागातल्या माणसाकडे जायचे. तो तरुण होता, टाय लावायचा, आणि प्रत्येक वाक्यात मला मॅडम म्हणायचा. एका वर्षी मी त्याला सरळ विचारलं की कुठल्या देशाला किती सीट्स ठेवायच्या हे तुम्ही कशावरून ठरवता.

तो म्हणाला, मागणी बघून.

आणि मागणी कुठून येते?

“सीट्स असल्या की येते, मॅडम.”

मी दोन्ही उत्तरं डायरीत एकाखाली एक लिहिली. मग तो उत्साहाने व्यापाराबद्दल बोलायला लागला. दोन देशांत माल जायला-यायला लागला की वर्ष-दोन वर्षांत तिकडची तिकिटं वाढतात, म्हणाला. व्यापारी जातात, तपासणीवाले येतात, मग त्यांच्या बायका-मुलं येतात, मग शेजारी येतात. म्हणून आम्ही बंदरातल्या कंटेनरकडेही लक्ष ठेवतो. मी म्हटलं, म्हणजे माल आधी आणि माणूस नंतर? तसंच काही नाही, म्हणाला, कधी कधी माणूस आधी फिरायला जातो आणि तिथे त्याला धंदा सुचतो. म्हणजे हेही खरं आणि तेही खरं. मी डायरी मिटली.

हे मला आमच्या गावातही दिसत होतं. मार्च महिन्यात नाशिकच्या बऱ्या हॉटेलांत गोरी माणसं उतरायला लागली होती. द्राक्षं बघायला आलेली. सकाळी दिंडोरी, पिंपळगावकडच्या बागा फिरायची आणि दुपारी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढायची. अशा एकाला मी परतीचं तिकीट काढून दिलं होतं. तो व्यापारी होता की पर्यटक? हॉटेलच्या रजिस्टरात त्याने काय लिहिलं कोणास ठाऊक.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आप्पा आले. माझ्या नणंदेचं सासर वणीकडचं. आप्पा तिच्या गावचे, माझ्याच वयाचे, आणि त्यांच्या आईला मी चारधामला नेऊन आणलेलं. त्यामुळे पाणी वगैरे मागायच्या भानगडीत न पडता ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले,

“ताई, हॉलंडला जागा हाय का? एकच पाहिजे.”

सुरगाण्याच्या जीपमध्ये मागे पाय लोंबकळत बसायला जागा विचारावी, तसं. मी विचारलं, कधी जायचं? तर म्हणे वीस-बावीस तारखेच्या आत पोचायचं.

गोष्ट अशी होती. आप्पांनी गावातल्या आणि शेजारच्या वाडीतल्या सात बागायतदारांना गोळा करून गट केला होता. आठ जणांची द्राक्षं एका थंड कंटेनरमध्ये भरून जहाजाने रॉटरडॅमला पाठवायची. आदल्या वर्षी पहिला कंटेनर गेला, आणि महिन्याभराने तिकडच्या घेणाऱ्याचा फॅक्स आला की बराच माल सडलाय. सोबत एक फोटो होता, पण फॅक्सवर आलेला फोटो म्हणजे काळा डाग. त्या डागात कोणाला सडकी द्राक्षं दिसली, कोणाला काहीच दिसलं नाही. आप्पांचं ठाम मत होतं की गोरा खोटं बोलतोय. तिकडे भाव पडला असेल, म्हणून माल सडला असं कळवलं. त्यांनी तसं सगळ्यांना पटवलं आणि यंदा पुन्हा कंटेनर भरायला लावला. आता तो जहाजावर होता.

“यंदा बी तसाच कागद आला तर गट मोडला,” आप्पा म्हणाले. “लोक तोंडावर बोलत नाय, पण ठरलेलं हाय. म्हून डबा उघडतील तव्हा मला तिथं उभं राहायचं. बाकी काय नाय. फक्त बघायचं.”

मी मुंबईला फोन लावला. टायवाल्याने सांगितलं की एप्रिल-मे पूर्ण भरलंय. शाळांच्या सुट्ट्या, ग्रुप, शिवाय व्यापारी. एकही सीट नाही. पण आनंदाची बातमी म्हणजे गर्दी बघून कंपनी आठवड्याला एक विमान वाढवतेय.

कधीपासून?

जूनपासून.

जूनमध्ये नाशिकमधून कोण जातं? शाळा उघडतात, द्राक्षं संपलेली असतात. गर्दी तर आत्ता आहे, मी म्हटलं. तो म्हणाला, आत्ता आहे म्हणून तर आत्ता दिसली, मॅडम. आप्पा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सांगितलं, वेटिंगवर नाव टाकते.

इथे आप्पांनी आमच्याकडचा कोणताही माणूस करेल तेच केलं. वेटिंग म्हटल्यावर ते सरळ आमदारांच्या कचेरीत गेले आणि तिसऱ्या दिवशी पत्र घेऊन आले. प्रति, माननीय स्टेशन मास्तर, विमानतळ, मुंबई. सदर इसम माझ्या चांगल्या परिचयाचे असून त्यांना इमर्जन्सी कोट्यातून हॉलंडपर्यंत एक बर्थ देण्यात यावा. खाली सही, शिक्का. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि फाइलला लावून ठेवलं. फेकवेना.

शेवटी जागा निघाली ती माझ्याच ग्रुपमध्ये. एका काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन ऐनवेळी ठरलं, ते आणि काकू गळाले. आमचा ग्रुप नेमका हॉलंडमध्ये उतरणार होता, कारण ट्युलिपचे दिवस होते. काकूंची जागा आमच्याच सोसायटीतल्या एका बाईंना मिळाली आणि काकांची आप्पांना. ग्रुपच्या सीटची अट अशी की जाताना सगळ्यांबरोबर जायचं आणि दहा दिवसांनी सगळ्यांबरोबरच यायचं. म्हणजे कंटेनर बघायला चाललेल्या माणसाला बेल्जियम, पॅरिस आणि एक बोटीची फेरीही बघावी लागणार होती. आप्पा म्हणाले, बघू. त्याला काय.

मग व्हिसाचा फॉर्म. त्यात एक रकाना असतो, प्रवासाचा उद्देश. पर्यटन, व्यापार, नातेवाइकांची भेट, असे चौकोन आणि एकावर खूण करायची. इतरांचे फॉर्म मी पाच-पाच मिनिटांत भरले होते. आप्पांच्या फॉर्मवर माझं पेन अडलं.

तुम्ही नक्की काय करायला चाललात, मी विचारलं.

“बघायला.”

आता बघायला जाणं म्हणजे पर्यटनच. आपण ताजमहाल बघायला जातो, तशीच मुलगीही बघायला जातो आणि जमीनही. पण ते विकायला जात नव्हते, माल विकून झाला होता. घ्यायला जात नव्हते. व्यापाराच्या चौकोनावर खूण केली तर तिकडच्या घेणाऱ्याचं निमंत्रणपत्र लागणार, आणि त्याच्याकडून ते वेळेत येईल असं दिसत नव्हतं. मी पर्यटनावर खूण केली. खोटं लिहिलं असं मला वाटलं नाही. खरं लिहिलं असंही वाटलं नाही.

मुंबईला वकिलातीच्या खिडकीवरच्या बाईने एकेकाला बोलावून हिंदीत विचारलं, काय बघायला चाललात? सगळ्यांनी ट्युलिप आणि पवनचक्क्या सांगितल्या. आप्पांनी सांगितलं, अपना माल. बाईने त्यांचा पासपोर्ट बाजूला ठेवला आणि मला बोलावलं. हा माणूस पर्यटक आहे की व्यापारी, तिने विचारलं. मी सगळी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, बघून हा करणार काय? ते मला माहीत नव्हतं, आणि मी तसं म्हटलं. तिने जहाजाचा कागद आणि माझं एक पत्र मागितलं. पत्रात मी लिहिलं की हे गृहस्थ ग्रुपबरोबर जातील, ग्रुपबरोबर येतील, आणि मध्ये एक दिवस स्वतःची द्राक्षं बघतील. व्हिसा निघायच्या आदल्या दिवशी मिळाला. आप्पा तोवर दादरच्या एका लॉजवर पिशवी घेऊन बसले होते.

विमान भरलेलं होतं, असं आम्हाला दोन आठवडे सांगितलं गेलं होतं. दारं लागली, विमान हललं, आणि आप्पांच्या शेजारची सीट रिकामी. पलीकडे आणखी दोन. आप्पांनी मला हात करून बोलावलं.

“ही कोणाची?”

कोणाचीच नाही, मी म्हटलं, येणारा आला नाही.

“मग मला नाय का म्हणला तो?”

मी म्हटलं, त्यांच्या कागदावर ती भरलेली होती. आप्पांनी त्या सीटवर हात ठेवला, मग आपली पिशवी ठेवली, मग पट्टाही लावला पिशवीला. एवढ्या लांब रिकामी चाललीय, ते म्हणाले. सगळ्या प्रवासात त्यांना ती गोष्ट खुपत राहिली. जेवण आलं तेव्हा त्यांनी हवाईसुंदरीला खुणेने विचारलं की या सीटचं जेवणही आहे का. होतं. त्यांनी घेतलं नाही, नुसतं विचारलं.

जहाज आमच्या एक दिवस आधी लागलं होतं आणि कंटेनर आम्ही पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उघडणार होते. मी ग्रुपला तिथल्या गाइडबरोबर ट्युलिपच्या बागेत पाठवलं. ग्रुप सोडून जायचं माझ्या नियमात बसत नव्हतं. पण आप्पांना इंग्रजीचा गंध नव्हता आणि मी पत्रावर सही केली होती. निघताना प्रेसमधले एक निवृत्त काका म्हणाले, मीही येतो, फुलं काय आमच्या गंगापूर रोडला नर्सरीतपण आहेत. हे काका आदल्या संध्याकाळपासून गाजत होते. दुकानात सुटे म्हणून मिळालेली तिथली सूर्यफुलाची नोट त्यांनी दिव्यासमोर धरून इतका वेळ तपासली होती की दुकानदार घाबरला. काकांनी निकाल दिला होता, काम चांगलंय.

तर आम्ही तिघं आगगाडीने रॉटरडॅमला गेलो आणि तिथून टॅक्सीने एका मोठ्या थंड गोदामात. घेणाऱ्याचा माणूस उंच, शांत, जाड कोट घातलेला. आम्हाला बघून तो खूश झाला नाही आणि रागावलाही नाही. त्याने आम्हाला तसेच कोट दिले. आप्पांच्या कोटाच्या बाह्या हाताबाहेर लोंबत होत्या. मग त्याने कंटेनरचं सील आप्पांना दाखवलं, आप्पांनी जवळच्या कागदावरचा आकडा एकेक करून जुळवला आणि मान हलवली. दार उघडलं.

पुठ्ठ्याच्या पेट्या जमिनीपासून छतापर्यंत रचलेल्या होत्या. एक इंचही वाया गेलेला नव्हता. नाशिकच्या माणसाने भरलेली गोष्ट आहे हे लांबूनही कळावं. त्यांनी खालच्या थरातली एक पेटी काढली. द्राक्षं हिरवी, टणक, देठ हिरवे. आप्पा माझ्याकडे बघून हसले. मधल्या थरातली काढली, तीही तशीच. मग शिडी लावून वरची. देठ तपकिरी, मणी मऊ, आणि पेटी उघडताच वास. दुसरी वरची, तिसरी वरची. सगळ्या तशाच.

त्या माणसाने हातानेच आम्हाला जवळ बोलावलं आणि कंटेनरच्या आतल्या भिंतीवर बोट ठेवलं. तिथे छताच्या थोडी खाली एक लाल रेषा रंगवलेली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळा सडका माल त्या रेषेच्या वर होता. तो सावकाश इंग्रजीत म्हणाला की या रेषेच्या वर काही ठेवायचं नसतं. खालून आलेली थंड हवा वरच्या मोकळ्या जागेतून परत फिरते. ती वाट बंद केली की वरचा माल गरम होतो. मी ते मराठीत सांगितलं. सांगताना मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय, म्हणून पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं.

मग त्याने आतून आदल्या वर्षीचा खरा फोटो आणला, जो फॅक्स झाला होता. रंगीत होता. सडक्या पेट्या, आणि त्यांच्या खाली स्पष्ट लाल रेषा. काकांनी फोटो हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि म्हणाले, “लाल रंग फॅक्सवर काळा होतो हो. काळ्यावर काळं. तुम्हाला दिसणार कुठून.”

आप्पांनी लांब बाह्यांतून हात बाहेर काढले आणि मला हळूच म्हणाले,

“ताई, वरचे दोन थर मीच चढवायला लावले. दोनी वर्षं. भरणारा पोरगा म्हणत व्हता इथपर्यंतच. मी म्हणलो, एवढी जागा रिकामी कशाला न्यायची?”

मी हे भाषांतर करून सांगितलं नाही. तो माणूस वाट बघत होता की आम्ही काहीतरी म्हणू. शेवटी मी थँक यू म्हटलं.

परतीच्या गाडीत काका खिडकीतून पवनचक्क्या मोजत होते. मला कळत नव्हतं की आमचा दिवस चांगला गेला की वाईट. कोणी फसवलं नव्हतं, ही चांगली बातमी होती. पण मग आप्पांना ती गावात जाऊन सांगावी लागणार होती, आणि गावात फसवणारा गोरा सगळ्यांना पटलेला होता.

ग्रुपला सगळं कळलंच, काका बरोबर असल्यावर. पुढे बेल्जियममध्ये एका मोठ्या दुकानात आमच्या बायकांना द्राक्षांच्या डब्यांवर आपल्या देशाचं नाव दिसलं. चर्चपुढे कंटाळलेली माणसं तिथे अर्धा तास रमली. प्रत्येकीने डबा हातात धरून फोटो काढून घेतला. काकांनी लेबलाची छपाई तपासली आणि नापास केली. मी तोवर आठ वर्षं लोकांना फिरवत होते, पण माणसं नक्की काय बघायला इतक्या लांब जातात, हे मला त्या दिवशी अजिबात सांगता आलं नसतं. आप्पांनी डबा उचलून वर-खाली पाहिला आणि पुन्हा ठेवला. पॅरिसमध्ये ते बसमध्येच बसून राहिले.

परत आल्यावर मेच्या मध्यावर आप्पांचा फोन आला. गटाची बैठक आहे, तुम्ही या. मी म्हटलं, माझं तिथे काय काम? ते म्हणाले, तुम्ही बघितलंय.

वणीच्या अलीकडे त्यांचं पॅकिंगचं शेड होतं. हंगाम संपलेला, आत रिकाम्या क्रेटवर सात जण बसलेले. मला एकुलती एक खुर्ची दिली. यंदाचा फॅक्स तोवर आला होता. वरचा माल गेला, खालचा चांगला, असं त्यात होतं, आणि पुन्हा फोटोचा काळा डाग. आप्पांनी उभं राहून सांगितलं. लाल रेषा, हवा, वरचे दोन थर, आणि कोणी चढवायला लावले तेही. मध्ये एकदाही थांबले नाहीत.

मग एका म्हाताऱ्याने विचारलं, म्हंजे रेघेवरची जागा रिकामीच न्यायची?

रिकामीच, आप्पा म्हणाले.

“आन् रिकामं जाईल ते काय?”

“त्ये वारं जाईल, दादा.”

कोणीतरी हसलं. एक जण म्हणाला की गोऱ्याने आप्पाला चार दिवस फिरवून आणलं, आता आप्पा त्याचीच बाजू सांगणार. आप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण बाकी सगळे बघायला लागले. म्हाताऱ्याने विचारलं, ताई, तुम्ही बघितलं का तुमच्या डोळ्यांनी?

“बघितलं,” मी म्हटलं. “रेषेच्या खालचं सगळं चांगलं होतं. आणि त्यांना कोणी फिरवलं नाही. ते माझ्या ग्रुपमध्ये होते, आणि पॅरिसमध्ये बसमधून उतरलेसुद्धा नाहीत.”

दोन जण गटातून गेले. सहा राहिले. ते आप्पांच्या बोलण्यामुळे राहिले की माझ्या, की खालची द्राक्षं चांगली निघाली म्हणून, मला माहीत नाही. पण पुढच्या वर्षी पुन्हा कंटेनर पाठवायचा आणि तोही बिघडला तर मात्र संपलं, एवढं ठरलं.

दिवाळीत मुंबईहून टायवाल्याचा फोन आला. जूनपासूनचं जादा विमान चांगलं चाललंय, म्हणाला. मला आश्चर्य वाटलं. जूनमध्ये कोण जात होतं? ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. विमान आहे म्हटल्यावर लोक निघाले, म्हणाला. शिवाय नाशिककडून द्राक्षाचा व्यापार वाढतोय, त्यामुळे या वर्षी तुम्ही अठराच्या जागी तीस सीट्स घ्या. एवढ्या देतोय तर घ्या, मॅडम.

मी रिसीव्हर धरून बसले. माझ्या डोळ्यांसमोर ती लाल रेषा आली. वर जागा आहे म्हणून भरायची का? विमानातल्या रिकाम्या सीटने काही सडत नाही, आणि ती रिकामी राहिली तर तिचे पैसे मलाच भरावे लागणार, हेही मला कळत होतं. पण मागणी आधी की सीट आधी, हे मला कोणी एकदाचं सांगितलं असतं तर मी आकडा सांगितला असता. मी म्हटलं, वीस द्या. त्याने विचारलं, वीस कशावरून? मी म्हटलं, माहीत नाही.

मार्चमध्ये आप्पांनी कंटेनर भरला. भरताना ते स्वतः आत उभे होते आणि लाल रेषेच्या चार बोटं खालीच त्यांनी हात आडवा धरला होता, असं नणंदेने कळवलं. गावात त्यांची चेष्टा चालली होती. आप्पा आता वारं निर्यात करतो, म्हणत होते.

एप्रिलच्या शेवटी ते ऑफिसात आले. खिशातून फॅक्स काढला आणि माझ्यापुढे ठेवला. कोणाला वाचायला दिला नव्हता. गावात इंग्रजी वाचणारी पोरं होती, पण त्यांनी बसने नाशिक रोडला आणला. मी वाचला. चार ओळी होत्या. मग पुन्हा वाचला, कारण घाईत ऐकवून चूक झालेली चालली नसती.

सगळा माल चांगला आहे, मी म्हटलं. वरपासून खालपर्यंत. पुढच्या वर्षी दोन कंटेनर देणार का, असं विचारलंय.

आप्पांनी फॅक्स परत घेतला, नीट घडी घातली, खिशात ठेवला. पाणी मागितलं. पहिल्यांदाच. ग्लास संपवून म्हणाले,

“ताई, आता सगळेच म्हणायला लागले, आमाला बी बघायचं. सहा जण, आन् बाया. बाया म्हणतात फुलं बी बघू. मेमध्ये जागा हाय का?”

माझ्या वीस जागा फेब्रुवारीतच भरल्या होत्या. तीस घेतल्या असत्या तर दहा शिल्लक असत्या. दहातही ते बारा जण बसले नसते, पण काहीतरी झालं असतं. मी मुंबईला फोन लावला. पूर्ण भरलंय, मॅडम. गर्दी बघून आणखी एक विमान वाढवतोय. जूनपासून.

मी आप्पांना सांगितलं की जागा नाही. मग हेही सांगितलं की दिवाळीत मला जास्त देत होते आणि मी नको म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. मी लाल रेषेचं सांगितलं.

ते खुर्चीतच मागे रेलून माझ्याकडे बघत राहिले.

“अवो, ती रेघ कंटेनरात असती,” ते म्हणाले. “इमानात कुठं हाय?”

मी म्हटलं, तेच मला कळत नाही.

त्यांनी बारा नावांचा कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि उठले. मग जिन्यात थांबून म्हणाले, आमदारांचं जुनं पत्र असेल तर जपून ठेवा, एका बर्थचे बारा करून आणतो.